दवाखान्याच्या फेरीऐवजी मेसेज: कधी चालतो, कसा लिहायचा, काय सांभाळायचं

बीपीच्या गोळीने पायावर सूज आली, थायरॉइडचा रिपोर्ट आला, टाक्यांची जागा थोडी लाल दिसते आहे. अशा प्रत्येक गोष्टीसाठी नंबर लावून दीड तास बाकावर बसायची गरज नसते. हे प्रश्न नीट लिहिलेल्या मेसेजवर सुटतात, आणि कायद्याने तसं चालतंही. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात व्हिडिओ आणि फोनसोबत लिखित संवादालाही सल्ल्याचं एक माध्यम म्हणून जागा दिली आहे. व्हॉट्सअ‍ॅपसारखी मेसेजची अ‍ॅप्स, रुग्णालयाच्या अ‍ॅपमधलं चॅट आणि ईमेल हे सगळं त्यात येतं. त्याआधी चित्र धूसर होतं. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात, रुग्ण न तपासता फोनवरून औषध सांगितल्याच्या मुद्द्यावर, मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. त्यानंतर पुष्कळ डॉक्टर फोनवर काही सांगायलाही कचरत. आज नियम आहेत, पण त्यांना मर्यादाही आहेत, आणि त्या मर्यादा रुग्णाला माहीत असल्या की कामं लवकर होतात.

मेसेज सगळ्यात उपयोगी पडतो तो ओळखीच्या डॉक्टरांकडे, ओळखीच्या आजारासाठी. ज्यांनी तुम्हाला हात लावून तपासलं आहे, ज्यांच्याकडे तुमचा केसपेपर आहे, त्यांना चार ओळी पुरतात. अनोळखी डॉक्टरांना नव्या दुखण्याबद्दल चार पानं लिहिली तरी ती अपुरीच पडतात.

नियमही याच अंगाने जातात. त्याच डॉक्टरांना, त्याच आजारासाठी, मागच्या प्रत्यक्ष भेटीपासून ६ महिन्यांच्या आत विचारलं तर तो पाठपुराव्याचा सल्ला धरला जातो आणि डॉक्टरांना औषधं देण्याची मोकळीक जास्त असते. ६ महिने उलटले, किंवा बीपीच्या रुग्णाने अचानक पोटदुखीबद्दल विचारलं, की तो पहिला सल्ला ठरतो आणि मोकळीक आक्रसते. म्हणून मागच्या भेटीची तारीख मेसेजमध्ये लिहायची सवय लावा.

मेसेज करायचाच नाही अशा वेळा

छातीत दुखणं किंवा दाब येणं, विशेषतः घामासोबत. तोंड एका बाजूला वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं. दम लागून वाक्य पुरं न करता येणं. झटके, बेशुद्धी, न थांबणारा रक्तस्राव. साप किंवा विंचू चावणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. गरोदरपणात तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणं. यातलं काहीही असलं तर १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. डॉक्टरांना कळवायचं असेल तर ते निघाल्यावर, गाडीतून.

डेंग्यूचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण तिथे घरच्यांची फसगत होते. ताप उतरला की सगळे निर्धास्त होतात, आणि धोक्याचे दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. ताप उतरताना पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर प्लेटलेटचा रिपोर्ट मेसेजवर टाकून उत्तराची वाट बघत बसू नका.

मनावरचा ताण असह्य झाला असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तिथे मेसेज नको, आवाज हवा.

सुरुवात दवाखान्यातच होते

पुढच्या वेळी प्रत्यक्ष जाल तेव्हा पाच गोष्टी तोंडी ठरवून या. मेसेज कोणत्या नंबरवर करायचा? तो कोण वाचतं: डॉक्टर स्वतः, कंपाउंडर की रिसेप्शनवरची व्यक्ती? उत्तर साधारण किती वेळात येतं? तातडीचं असेल तर फोन कोणत्या नंबरवर? आणि फी किती?

फीबद्दल मोकळेपणाने विचारावं. मेसेजवरच्या सल्ल्यालाही फी घेण्याचा डॉक्टरांना अधिकार आहे आणि त्याची पावती द्यायची असते. ओपीडी संपल्यावर रात्री दहाला साठ-सत्तर मेसेज वाचणाऱ्या डॉक्टरांकडून फुकटात मिळणारं उत्तर बहुधा दोन शब्दांचं असतं. फी ठरलेली असली की प्रश्नाला वेळ मिळतो, आणि परत विचारताना तुम्हालाही संकोच वाटत नाही.

वयस्कर आईवडिलांसाठी मुलगा, सून किंवा मुलगी लिहिणार असेल तर ते याच भेटीत डॉक्टरांसमोर सांगून ठेवा: ‘माझ्या वतीने ही मेसेज करेल.’ केसपेपरवर तिचं नाव आणि नंबर लिहून घ्या. रुग्ण जवळ नसताना दुसऱ्या कोणी सल्ला मागायचा तर रुग्णाची अशी संमती, किंवा नातं आणि अधिकार दाखवणारा कागद लागतो. १६ वर्षांपर्यंतचं मूल, किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे स्वतः सांगू न शकणारा रुग्ण असेल तर त्याच्या वतीने घरच्यांनी विचारलं तरी चालतं.

मेसेज कसा लिहायचा

रोज येणारा मेसेज असा असतो: ‘नमस्कार सर’. मग अर्धा तास शांतता. मग ‘आईला बरं वाटत नाहीये’. मग स्ट्रिपचा एक अंधुक फोटो. मग ‘काय करू?’ डॉक्टरांनी पाच उलट प्रश्न विचारल्याशिवाय इथे काही होत नाही, आणि ते प्रश्न विचारायला त्यांना वेळ मिळतो तोवर दुसरा दिवस उजाडतो.

हाच मेसेज असा लिहिता येतो:

‘नमस्कार डॉक्टर. रुग्णाचं पूर्ण नाव, वय ६८, केसपेपर नंबर अमुक. मी त्यांची मुलगी, आई शेजारी आहे.
मागची भेट: १० जून, बीपीसाठी.
चालू औषधं: टेल्मिसार्टन ४० (१-०-०), अ‍ॅम्लोडिपिन ५ (०-०-१, तुम्ही १० जूनला सुरू केली), मेटफॉर्मिन ५०० (१-०-१). एकही चुकलेली नाही.
त्रास: आठवड्यापासून संध्याकाळी दोन्ही पावलांवर सूज, सकाळी कमी. मोज्याचा वळ उमटतो.
नाही: दम लागत नाही, आडवं झोपता येतं, एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं नाही, लघवी नेहमीसारखी.
बीपी: सोबतच्या यादीत ७ दिवसांचे आकडे.
अ‍ॅलर्जी: सल्फा.
प्रश्न: अ‍ॅम्लोडिपिनमुळे सूज आहे का? गोळी बदलायची की तपासायला आणू?’

यातली सगळ्यात मोलाची ओळ ‘नाही’ने सुरू होणारी आहे. अ‍ॅम्लोडिपिनने पावलांना सूज येते हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. त्यांना धास्ती असते ती हृदय कमकुवत होण्याची, मूत्रपिंडाची, किंवा पोटरीच्या शिरेत गुठळी झाल्याची. दम, आडवं झोपणं, एकच पाय की दोन्ही, लघवी, एवढं आधीच लिहिलं की ते लवकर निर्णय घेऊ शकतात. प्रत्येक त्रासाला असे दोन-तीन ‘नाही’ असतात. खोकल्याला ताप, दम, बेडक्यातलं रक्त. पोटदुखीला उलटी, काळी शी, लघवीची जळजळ. डोकेदुखीला उलटी, अंधारी, हातापायाची कमजोरी. आणि ‘नाही’च्या जागी एखादं ‘आहे’ निघालं, तर मेसेज तिथेच सोडून फोन उचला.

‘चालू औषधं’ या ओळीत गोंधळ फार होतो. आपल्याकडे एकाच नावाच्या गोळीला मागे ‘एएम’, ‘एच’, ‘सीटी’ अशी शेपटं लागतात आणि प्रत्येक शेपटामागे आत एक वेगळं औषध असतं. म्हणून फक्त ब्रँडचं नाव लिहू नका. स्ट्रिपवरचं घटकांचं बारीक अक्षर वाचून तेच लिहा, आणि पूर्ण स्ट्रिपचा फोटो जोडा. अर्धी कापलेली स्ट्रिप पाठवली तर नेमका मिलिग्रॅमचा आकडा कापलेल्या बाजूला गेलेला असतो. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, तिथे ‘मिलिग्रॅम’ लिहू नका. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथी, मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी हेही लिहा. बीपी अचानक वाढण्यामागे दुखण्यावरची गोळी असते, हे पुष्कळदा निघतं.

इन्सुलिनबाबत तर काटेकोर राहायलाच हवं. कुपीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० युनिट प्रति मिली ताकदीचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटचं. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० चं नारिंगी. कुपी ४० ची आणि सिरिंज १०० ची झाली तर डोस अडीच पटीने कमी जातो, उलट झालं तर अडीच पटीने जास्त. त्यामुळे ‘सकाळी २० घेते’ एवढं पुरत नाही. नाव, कुपी की पेन, कोणती सिरिंज, किती युनिट, जेवणाआधी किती वेळ, हे सगळं लिहा.

एक मेसेज, एक रुग्ण. आईच्या गुडघ्याच्या प्रश्नात बाबांची शुगर घुसवू नका, कारण उत्तर आलं की ते कोणासाठी आहे हा घोळ होतो आणि चुकीच्या माणसाला चुकीची गोळी जाते.

आवाजी मेसेज सोयीचे वाटतात, पण रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टरांना ते ऐकता येत नाहीत, आणि महिनाभराने त्यात काही शोधताही येत नाही. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांनी कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलावं, अक्षरं आपोआप उमटतात. फक्त आकडे आणि औषधांची नावं पाठवण्याआधी वाचून घ्यावीत, तिथे यंत्र हमखास चुकतं.

आकडे खरे हवेत

दवाखान्यात नर्स जे मोजते ते आता तुम्ही मोजता आहात. तिथे चूक झाली तर डॉक्टर चुकीच्या आकड्यावर औषध वाढवतील.

बीपीसाठी दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकवून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून, पाय एकावर एक न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा छातीच्या उंचीवर येईल. हात खाली लोंबकळला तर आकडा वाढतो, आणि बोलत असलात तरीही वाढतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा. बाही वर गुंडाळली की तिचाच फास बसतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा विकत घ्या, कारण छोट्या पट्ट्यात बीपी खोटंच जास्त दिसतं. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, नाडीसकट. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टर बघतात. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ती जास्त धरतात. दवाखान्यातली रेघ १४०/९० ची असते, त्यामुळे दोन्हीत गल्लत नको. चांगले आकडे निवडून पाठवू नका. मशीनवर अनियमित ठोक्याची खूण सारखी दिसत असेल तर तेही लिहा.

१८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. परत तेवढंच आलं आणि सोबत छातीत दुखणं, दम, अंधारी किंवा कमजोरी असेल तर थेट रुग्णालय. त्रास काहीच नसेल तरी त्याच दिवशी फोन करा.

शुगरसाठी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा कापून त्याच बोटाने तपासलं तर मशीन आंब्याची साखर मोजतं. सॅनिटायझर ओला असतानाही आकडा बिघडतो. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा. पावसाळ्यात, कोकणात तर फारच, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. ‘जेवणानंतरची’ म्हणजे पहिल्या घासापासून दोन तासांनी. आकड्यापुढे वेळ आणि काय खाल्लं हे दोन शब्दांत लिहा. ७० च्या खाली आली तर आधी उपाय, मेसेज नंतर: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८.

फोटो आणि रिपोर्ट

पुरळ किंवा जखमेचे दोन फोटो हवेत: एक लांबून, शरीराचा कोणता भाग ते कळेल असा, दुसरा वीतभर अंतरावरून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड उत्तम. फ्लॅशने लाली उडून जाते आणि फोनचे सौंदर्य फिल्टर तर पुरळच पुसून टाकतात. जखमेभोवती लाली पसरते आहे असं वाटलं तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा, रेघेवर वेळ लिहा आणि फोटो काढा. सहा तासांनी लाली रेघेबाहेर गेली का, हे मग कोणालाही सांगता येतं. गेली असेल तर जखम दाखवायला जावंच लागेल. मधुमेही माणसाच्या पायावरची जखम मात्र फोटोवर भागवू नका. तिथे संवेदना कमी असते, खोली फोटोत कळत नाही, आणि उशिराची किंमत बोटं किंवा पाय गमावून मोजावी लागते.

गुप्तांगाचे फोटो डॉक्टरांनी स्वतः मागितल्याशिवाय पाठवू नका. लहान मुलांचे तसे फोटो कधीच काढू नका, सरळ दवाखान्यात न्या.

लॅबचा रिपोर्ट पीडीएफ स्वरूपात मागून घ्या आणि तीच फाइल पाठवा, सगळ्या पानांसकट. नाव, तारीख आणि नॉर्मलची मर्यादा पहिल्या पानावर असते, आकडा तिसऱ्या पानावर. कागदच असेल तर तो सपाट ठेवून वरून फोटो काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे अक्षरं फुटत नाहीत. ‘फोटो’ म्हणून पाठवायचा तर एचडी निवडा. एक्स-रे फिल्म खिडकीच्या काचेवर धरून काढलेला फोटो कामचलाऊ असतो. एमआरआयच्या फिल्मचा फोटो त्याहून निरुपयोगी, त्यामुळे तिथे लेखी रिपोर्ट पाठवा आणि सीडी जपून ठेवा.

उत्तर आणि चिठ्ठी

मेसेजवरून कोणती औषधं देता येतात, हे याद्यांनी ठरलेलं आहे. पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधं कोणत्याही माध्यमातून. दुसऱ्या यादीतली औषधं पहिल्या सल्ल्यात व्हिडिओवर बघूनच, पुढे पाठपुराव्यात मेसेजवरही. तिसरी यादी फक्त पाठपुराव्यासाठी: बीपी एका गोळीने आटोक्यात येत नसेल तर दुसऱ्या प्रकारची गोळी जोडायची, अशा वेळी ती वापरतात. शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतली आणि अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं अशी देता येत नाहीत. तीव्र वेदनांवरची काही औषधं आणि झोपेच्या कित्येक गोळ्या त्यात मोडतात. तेव्हा डॉक्टर ‘येऊन जा’ म्हणाले तर तो आडमुठेपणा समजू नका. सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक नाकारलं तरी तसंच. सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

चॅटमध्ये टाइप केलेली ओळ ही चिठ्ठी नव्हे. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन मागा. त्यावर रुग्णाचं नाव, वय, तारीख, औषधाचं नाव, मात्रा, किती दिवस, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नोंदणी क्रमांक मेसेज आणि ईमेलमध्येही दाखवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. डॉक्टर नवे असतील तर तो क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.

उत्तर आलं की अंगठा दाखवून मोकळे होऊ नका. समजलं ते परत लिहा: ‘म्हणजे आजपासून अ‍ॅम्लोडिपिन बंद, टेल्मिसार्टन ४० ऐवजी ८० सकाळी एक, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. बरोबर?’ ऑटोकरेक्टने बदललेली नावं, ४० चे ४००, सकाळची संध्याकाळ झालेली, अशा चुका याच ओळीत पकडल्या जातात. आणि विचारा: बरं नाही वाटलं तर किती दिवसांनी कळवू, काय झालं तर लगेच यायचं?

निळ्या खुणा दिसल्या म्हणजे डॉक्टरांनी वाचलं असं नाही, क्लिनिकच्या संगणकावर कोणीतरी चॅट उघडलं असेल. ठरलेल्या वेळेत उत्तर नाही आलं तर तोच मेसेज परत न ढकलता फोन करा. त्रास वाढला असेल तर तर नक्कीच.

गुपित कुठून फुटतं

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज २०१६ पासून दोन टोकांच्या मध्ये कूटबद्ध असतात, वाटेत कोणी वाचू शकत नाही. गळती होते ती टोकांना. घरातल्या मुलांच्या हातातला फोन, बॅकअप, भावाला पाठवलेला रिपोर्ट जो पुढे कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. काही गोष्टी एकदाच बसून करून ठेवा:

- टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन घाला.
- चॅट बॅकअपमध्ये ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ हा पर्याय चालू करा. हे नसेल तर क्लाउडवरची प्रत तशी सुरक्षित नसते. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो विसरला तर बॅकअप उघडत नाही.
- ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर काढून टाका.
- डॉक्टरांच्या चॅटमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, म्हणजे त्यांच्याकडून आलेल्या फाइल्स लग्नाच्या फोटोंशेजारी गॅलरीत दिसणार नाहीत. ‘चॅट लॉक’ही लावता येतं.
- ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ इथे बंद ठेवा. हा संवाद म्हणजे तुमचा केसपेपर आहे, तो ९० दिवसांनी नाहीसा व्हायला नको.

एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात अशा विषयांवर क्लिनिकच्या सामायिक नंबरवर लिहिण्याआधी तो कोण वाचतं हे विचारून घ्या. गरज वाटली तर फक्त ‘फोनवर बोलायचं आहे’ एवढंच लिहा.

डॉक्टरांचा नंबर इंटरनेटवर शोधून मेसेज करू नका. रुग्णालयाच्या नावाने खोटे नंबर टाकलेले असतात. पलीकडचा माणूस अपॉइंटमेंटसाठी पाच-दहा रुपये भरायला सांगतो, एखादी एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) पाठवतो, आणि ती फाइल फोनमध्ये घेतली की खातं रिकामं होतं. नंबर चिठ्ठीवरून किंवा दवाखान्याच्या फलकावरून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

लांबून लिहिणाऱ्यांसाठी

साताऱ्यातल्या आईसाठी न्यू जर्सीतून मुलाने तिच्या डॉक्टरांना विचारणं, वर सांगितलेली संमती असेल तर, ठीक आहे. त्याच मुलाने स्वतःच्या खोकल्यासाठी पुण्याच्या डॉक्टरांकडून औषध मागवणं मात्र या नियमांत बसत नाही; भारताच्या हद्दीबाहेरच्या सल्ल्याला ते लागूच नाहीत. तारखा लिहिताना महिना अक्षरात लिहा. अमेरिकेच्या सवयीने ६/१० लिहिलं तर इथे ते ६ ऑक्टोबर वाचलं जातं. आणि आकडे आईकडून ऐकून लिहिण्याऐवजी मशीनच्या पडद्याचा फोटो मागवा.

ज्यांना ठरलेले डॉक्टरच नाहीत त्यांच्यासाठी सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा आहे. ती मुख्यतः व्हिडिओवर चालते आणि चिठ्ठी तिथूनच मिळते. सुरुवात तिथून करून पुढे जवळच्या एका डॉक्टरांशी जोडून घ्यावं.

वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष भेट ठेवा. जाताना चॅट एक्सपोर्ट करून त्यातले बदल एका कागदावर उतरवा: तारीख, कोणती गोळी बंद, कोणती सुरू, का. तो कागद केसपेपरला लावायला सांगा, कारण फोनवर झालेला बदल दवाखान्यातल्या फाइलवर चढवायचा राहून जातो. बीपीचं मशीनही पिशवीत टाका. डॉक्टरांच्या मशीनवर आणि तुमच्या मशीनवर लागोपाठ मोजा. फरक सारखाच १० च्या वर येत असेल तर पट्टा किंवा मशीन बदला, आणि मधल्या काळात त्या आकड्यांवरून वाढवलेल्या गोळ्यांबद्दल तिथेच विचारा.